खुर्ची सोडून उठलेला मंत्री

निवडणुका जिंकणाऱ्यांची चरित्रे पुष्कळ लिहिली जातात; हरणाऱ्यांची फारशी कोणी लिहीत नाही. आज ज्या गृहस्थांची ओळख वाचकांना करून द्यायची आहे, ते अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी तीन वेळा उभे राहिले आणि तिन्ही वेळा हरले. पुढे त्या देशाचे परराष्ट्रमंत्रिपद त्यांच्याकडे चालून आले, आणि सव्वादोन वर्षांनी ते त्यांनी आपण होऊन सोडून दिले. त्यांना कोणी काढले नव्हते, की त्यांच्यावर कसला आळ आला नव्हता. एका कागदावर सही करणे त्यांच्या मनाला पटले नाही, एवढेच.

त्यांचे नाव विल्यम जेनिंग्ज ब्रायन. आपल्यापैकी ज्यांनी हे नाव ऐकले असेल, त्यांनी ते बहुधा उत्क्रांतिवादाच्या खटल्याच्या संदर्भात ऐकले असेल. पण तो खटला त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या दिवसांतला. त्याआधीची पस्तीस वर्षे त्यांनी राजकारणात घालवली, आणि त्या वर्षांत आपल्यासारख्या मंडळीच्या माणसांनी शिकण्याजोगे बरेच आहे. काही त्यांच्या थोरवीवरून शिकावे, काही त्यांच्या चुकांवरून.

बालपण व संस्कार

ब्रायन यांचा जन्म १९ मार्च १८६० रोजी इलिनॉय राज्यातील सेलम या लहानशा गावी झाला. वडील सायलस ब्रायन हे न्यायाधीश होते व बाप्टिस्ट मंडळीचे होते. दुपारचे बारा वाजले की कोर्टाचे काम थांबवून ते प्रार्थना करीत, अशी त्यांची ख्याती होती. आई मराया यांनी मुलाला दहाव्या वर्षापर्यंत घरीच शिकवले. वयाच्या चौदाव्या वर्षी, गावात भरलेल्या संजीवन सभांच्या वेळी, विल्यमने प्रभूचा स्वीकार केला व तो प्रेस्बिटेरियन मंडळीचा सभासद झाला. वडील बाप्टिस्ट असतानाही त्यांनी मुलाला अडवले नाही.

१८८१ मध्ये जॅक्सनव्हिल येथील इलिनॉय कॉलेजातून ते पहिल्या क्रमांकाने पदवीधर झाले. नंतर शिकागोस कायद्याचा अभ्यास केला. १८८४ मध्ये मेरी बेअर्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या बाई विलक्षण हुशार. संसार सांभाळून त्यांनीही कायद्याचा अभ्यास केला व वकिलीची परीक्षा दिली. वकिली करण्याचा त्यांचा विचार नव्हता; पतीच्या कामात समजून साथ देता यावी, हा हेतू. १८८७ मध्ये हे कुटुंब नेब्रास्का राज्यातील लिंकन शहरी राहावयास गेले. तेथून १८९० मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, ब्रायन डेमोक्रॅटिक पक्षातर्फे काँग्रेसवर निवडून आले. नेब्रास्कात तेव्हा विरुद्ध पक्षाचा जोर होता, त्यामुळे हे यश नवलाचेच मानले गेले.

सोने, चांदी आणि शेतकऱ्याचे कर्ज

त्या काळी अमेरिकेचे चलन सोन्याला बांधलेले होते. देशात लोकवस्ती व व्यापार वाढत होता, पण सोने त्या मानाने वाढत नव्हते. परिणामी पैसा महाग होत गेला व धान्याचे भाव उतरत गेले. शेतकऱ्याने समजा शंभर डॉलर कर्ज काढले, तेव्हा ते फेडण्यास जितके धान्य लागले असते, त्याहून कितीतरी अधिक धान्य दहा वर्षांनी त्याच शंभर डॉलरांसाठी विकावे लागे. म्हणजे कागदावर कर्ज तेवढेच, पण पाठीवरचे ओझे वाढलेले. त्यात १८९३ मध्ये मोठी मंदी आली. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले, लाखो लोक बेकार झाले. सोन्याबरोबर चांदीचीही नाणी सोळास एक या प्रमाणात मुक्तपणे पाडावीत, म्हणजे चलन वाढून कर्जदाराला श्वास घेता येईल, अशी मागणी शेतकरी करू लागले. ब्रायन यांनी ही मागणी उचलून धरली.

९ जुलै १८९६ रोजी शिकागो येथे पक्षाच्या अधिवेशनात ते बोलावयास उभे राहिले. ध्वनिवर्धक नव्हते, सभागृह अफाट होते, पण त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत असे. भाषणाच्या अखेरीस त्यांनी प्रभूच्या दुःखसहनाची उपमा घेतली: श्रम करणाऱ्यांच्या माथ्यावर काट्यांचा मुगुट चढवू नका, मानवजातीला सोन्याच्या क्रूसावर खिळू नका, असा त्याचा आशय होता. क्षणभर सर्वत्र शांतता पसरली. मग लोकांनी त्यांना खांद्यावर घेतले. दुसऱ्या दिवशी पक्षाने त्यांना अध्यक्षपदाचे उमेदवार निवडले. वय छत्तीस. मोठ्या पक्षाचा इतका तरुण उमेदवार त्या देशात पूर्वी कधी झाला नव्हता व पुढेही झाला नाही.

त्यांचे प्रतिस्पर्धी विल्यम मॅकिन्ली हेही देवभीरू मेथडिस्ट होते. ते आपल्या घराच्या ओसरीवरूनच भेटीस येणाऱ्या लोकांशी बोलत राहिले, पण त्यांच्यामागे मोठ्या उद्योगपतींचा पैसा उभा होता. ब्रायन यांच्यापाशी पैसा नव्हता. त्यांनी आगगाडीने सुमारे १८ हजार मैल प्रवास केला व शेकडो भाषणे दिली. उमेदवाराने स्वतः गावोगाव फिरून मते मागावीत, ही गोष्ट तेव्हा नवी होती. तरीही ते हरले. त्यांना सुमारे ६५ लाख मते मिळाली, मॅकिन्लींना सुमारे ७१ लाख.

पराभवामागून पराभव

१८९८ मध्ये अमेरिका व स्पेन यांच्यात युद्ध झाले. ब्रायन यांनी नेब्रास्काची पलटण उभारली व ते तिचे कर्नल झाले. मात्र लढाई थांबेपर्यंत ती फ्लोरिडातील छावणीतच राहिली. तहानुसार फिलिपाईन्स बेटे अमेरिकेच्या हाती आली. दुसऱ्या लोकांवर त्यांच्या इच्छेविरुद्ध राज्य करणे हे ब्रायन यांना लोकशाहीच्या व ख्रिस्ती धर्माच्याही विरुद्ध वाटे. तरीसुद्धा त्यांनी आपल्या पक्षाच्या सिनेटरांना तह मंजूर करावयास सांगितले! आधी युद्ध तर संपू द्या, मग बेटांना स्वातंत्र्य देता येईल, असा त्यांचा हिशेब. फेब्रुवारी १८९९ मध्ये तह मंजूर झाला. दोनतृतीयांश बहुमताला हवे होते त्याहून एकच मत जास्त पडले. स्वातंत्र्य मात्र मिळाले नाही. उलट फिलिपाईन्समध्ये दीर्घ व रक्तरंजित लढाई पेटली, आणि ती बेटे स्वतंत्र व्हायला १९४६ साल उजाडावे लागले. आता तडजोड करू, नंतर सुधारून घेऊ, हा हिशेब किती फसवा असतो, याचा धडा ब्रायन यांना येथे मिळाला असावा. पुढच्या एका प्रसंगी त्यांनी असा हिशेब केला नाही.

१९०० मध्ये साम्राज्यवादाला विरोध हा मुद्दा घेऊन ते पुन्हा मॅकिन्लींविरुद्ध उभे राहिले व पुन्हा हरले. १९०१ पासून त्यांनी 'कॉमनर' नावाचे साप्ताहिक चालवले. गावोगावच्या व्याख्यानमालांतून ते ख्रिस्ताविषयी, शांतीविषयी, दारूबंदीविषयी बोलत. तंबू उभारलेले असत, उन्हाळ्याचे दिवस असत, आणि वीस वीस मैलांवरून शेतकरी घोडागाड्या जोडून त्यांना ऐकावयास येत.

याच काळात, १९०६ मध्ये, जगप्रवासाच्या ओघात ते आपल्या देशातही येऊन गेले. येथील कारभार पाहून त्यांनी ब्रिटिश राजवटीवर एक परखड लेख लिहिला. लोकांवर करांचे ओझे फार, शिक्षणावर खर्च थोडा आणि कारभारात प्रजेला आवाज नाही, अशी त्यांची टीका होती. एका प्रमुख अमेरिकन पुढाऱ्याने हे लिहावे, याचे महत्त्व हिंदी देशभक्तांनी लगेच ओळखले. परदेशांत काम करणाऱ्यांनी तो लेख पुस्तिकारूपाने छापून वाटला.

१९०८ मध्ये तिसरी निवडणूक झाली. या वेळी विल्यम टॅफ्ट यांनी त्यांना हरवले. पण वाचकहो, एक गोष्ट ध्यानात घ्यावी. श्रीमंतांच्या मिळकतीवर कर असावा, सिनेटर थेट लोकांनी निवडावेत, दारूबंदी व्हावी, स्त्रियांना मत असावे, या ज्या मागण्या ब्रायन करीत आले, त्या चारही १९१३ ते १९२० या अवधीत अमेरिकेच्या घटनेत दाखल झाल्या. दारूबंदी १९३३ मध्ये रद्द झाली. बाकीच्या तीन आजही तेथे आहेत. पेरणारा एक असतो व कापणारा दुसरा, हे आपल्याला शास्त्रातून ठाऊक आहेच.

मंत्रिपद

१९१२ च्या अधिवेशनात ब्रायन यांनी आपले वजन वुड्रो विल्सन यांच्या बाजूने टाकले. विल्सन निवडून आले व मार्च १९१३ मध्ये त्यांनी ब्रायन यांना परराष्ट्रमंत्री नेमले. विल्सन प्रेस्बिटेरियन पाळकाचे चिरंजीव, ब्रायन प्रेस्बिटेरियन मंडळीचे वडील. दोघेही प्रार्थना करणारे.

एप्रिलमध्ये ब्रिटिश राजदूतांना निरोपाची मेजवानी द्यायची होती. परराष्ट्रमंत्र्याच्या मेजावर मद्य असणारच, असा शिरस्ता. ब्रायन यांनी मद्याऐवजी पाहुण्यांपुढे द्राक्षाचा रस ठेवला. देशोदेशींच्या वर्तमानपत्रांनी त्यांची थट्टा केली, व्यंगचित्रे काढली. त्यांनी रीत बदलली नाही.

पण त्यांच्या मनात खरे काम होते ते शांतीच्या तहांचे. कल्पना अगदी साधी. दोन देशांत कसलाही तंटा उद्भवला, तरी एकदम शस्त्र उचलायचे नाही. तंटा एका आंतरराष्ट्रीय मंडळापुढे ठेवायचा. त्याने वर्षभर चौकशी करायची. आणि तोवर कोणी लढाई सुरू करायची नाही. रागाच्या भरात निघालेला हात वर्षभर थांबला तर बहुतेक वेळा तो उगारलाच जाणार नाही, असा ब्रायन यांचा विश्वास. असे ३० तह त्यांनी जुळवून आणले. ब्रिटन व फ्रान्स यांच्याशीही. जर्मनीने तत्त्व मान्य केले, पण तहावर सही केली नाही. तह करणाऱ्या देशांच्या वकिलांना त्यांनी एक आगळी भेट दिली. जुन्या तरवारी वितळवून त्यांनी नांगराच्या लहान प्रतिकृती ओतून घेतल्या होत्या, मेजावरचे कागद दाबण्यासाठी! यशया संदेष्ट्याने पाहिलेले स्वप्न या माणसाने परराष्ट्र खात्याच्या मेजावर आणून ठेवले.

सही

१९१४ च्या उन्हाळ्यात युरोपात महायुद्ध पेटले. ७ मे १९१५ रोजी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीने 'लुसिटानिया' ही ब्रिटिश उतारूबोट बुडवली. अठरा मिनिटांत बोट तळाला गेली. १,१९८ माणसे मेली. त्यांत १२८ अमेरिकन होते. कितीतरी बायकामुले होती. अमेरिका संतापाने पेटून उठली.

ब्रायन यांनाही दुःख झाले. पण त्यांना आणखी काही दिसत होते. बोटीवर उतारूंबरोबर दारूगोळाही होता. लढणाऱ्या देशाच्या अशा बोटीतून प्रवास करू नका, असे सरकारने आपल्या नागरिकांस बजावले पाहिजे, असे त्यांचे मत होते. ब्रिटनही नाकेबंदी करून तटस्थ देशांचा व्यापार अडवीत होता. निषेध करायचा तर दोघांचाही सारखाच करा, असे त्यांचे म्हणणे. आणि तीस देशांना आपण वर्षभर थांबण्याचे तत्त्व शिकवले, तेच जर्मनीच्या बाबतीत आपण पाळू नये काय, हा त्यांचा प्रश्न.

विल्सन यांना ते पटले नाही. जर्मनीस धाडलेल्या पहिल्या निषेधपत्रावर ब्रायन यांनी मनाविरुद्ध सही केली. दुसरे पत्र त्याहून कडक होते. या वाटेने गेले तर देश युद्धात ओढला जाईल, अशी त्यांची खात्री झाली. सहकारी मंत्र्यांनी समजूत घातली. राजीनामा दिलात तर राजकारणातून कायमचे उठाल, हेही त्यांना समजत होते. अध्यक्षपद तीनदा हुकल्यावर मिळालेले हे एवढेच मोठे पद. सही करून खुर्चीत राहावे, आतून वारे वळवण्याचा प्रयत्न करावा, असेही म्हणता आले असते. फिलिपाईन्सच्या वेळी त्यांनी तसेच केले होते.

८ जून १९१५ रोजी त्यांनी राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी पत्र रवाना झाले. त्यावर रॉबर्ट लॅन्सिंग यांची सही होती.

वर्तमानपत्रांनी त्यांना भित्रा, फितूर अशी दूषणे दिली. जुने मित्र तुटले. मात्र विल्सन यांच्याविषयी त्यांनी मनात अढी धरली नाही. १९१६ च्या निवडणुकीत त्यांच्यासाठी गावोगाव भाषणे केली.

ब्रायन यांचा अंदाज बरोबर ठरला का? प्रामाणिकपणे सांगायचे तर लगेच ठरला नाही. निषेधपत्रांमुळे जर्मनीने काही काळ पाणबुड्यांना आवर घातला. पण १९१७ च्या आरंभी तो आवर सुटला आणि एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली. तेव्हा ५७ वर्षांच्या ब्रायन यांनी साधा शिपाई म्हणून सेवा करण्याची तयारी अध्यक्षांना कळवली. युद्ध टाळण्यासाठी त्यांनी सर्व काही केले होते. देशाने निर्णय घेतल्यावर ते बाजूला उभे राहिले नाहीत.

जेथे विवेक झोपला

येथेच लेख संपवला असता तर एक साधुपुरुष उभा राहिला असता; पण ते खरे झाले नसते. शांतीचे तह जुळवणाऱ्या या मंत्र्याच्याच कारकिर्दीत, एप्रिल १९१४ मध्ये, अमेरिकन सैनिकांनी मेक्सिकोचे व्हेराक्रूझ बंदर ताब्यात घेतले. पक्षाच्या कार्यकर्त्यांना सरकारी नोकऱ्या वाटण्याचा मोहही ब्रायन यांना आवरला नाही.

त्याहून मोठी उणीव दुसरी. त्यांच्या पक्षाचा दक्षिणेत मोठा जोर होता, आणि तेथे कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेतला जात होता. गरीब शेतकऱ्याच्या कर्जासाठी ज्यांचा आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला, ते या अन्यायापुढे गप्प राहिले. १९२४ च्या अधिवेशनात कू क्लक्स क्लॅन या द्वेष पसरवणाऱ्या संघटनेचा नाव घेऊन निषेध करावा, असा ठराव आला. ही संघटना क्रूस पेटवून माणसांना धाक घालीत असे. पक्षाची एकी मोडेल म्हणून ब्रायन यांनी नाव घेण्यास विरोध केला, आणि ठराव जेमतेम एका मताने पडला. ज्याने मानवजातीला क्रूसावर खिळू नका म्हणून सांगितले, त्याने जळत्या क्रूसाचे नाव घेऊ नये, ही गोष्ट मनाला फार लागते.

शेवटचा खटला

अखेरची वर्षे ते फ्लोरिडात मायामी येथे राहिले. दर रविवारी तेथील बागेत ते बायबलचा वर्ग चालवीत. हजारो माणसे जमत. १९२३ मध्ये प्रेस्बिटेरियन मंडळीच्या महासभेचे अध्यक्षपदही थोडक्या मतांनी हुकले.

मार्च १९२५ मध्ये टेनेसी राज्याने सरकारी शाळांत मानवी उत्क्रांतीचा सिद्धान्त शिकवण्यास बंदी केली. डेटन गावचा तरुण शिक्षक जॉन स्कोप्स याच्यावर खटला भरला गेला, आणि ब्रायन सरकारपक्षास साह्य करावयास गेले. बलवानांनी दुर्बळांना चिरडावे हाच निसर्गनियम, असा अर्थ लोक या सिद्धान्तातून काढतात, ही त्यांची भीती होती, आणि ती अगदी निराधार नव्हती. पण विज्ञानाचा प्रश्न कायद्याच्या बडग्याने सुटत नाही. २० जुलैस कोर्टाच्या आवारात झाडांच्या सावलीत बचावपक्षाचे वकील क्लॅरन्स डॅरो यांनी त्यांची उलटतपासणी घेतली. उत्पत्तीतील दिवस चोवीस तासांचेच असले पाहिजेत असे नाही, हे ब्रायन यांनी मान्य केले. पण अनेक प्रश्नांपुढे ते गोंधळले, आणि सारा देश हसला. दुसऱ्या दिवशी स्कोप्सला १०० डॉलर दंड झाला. दंड मी भरतो, अशी तयारी ब्रायन यांनीच दाखवली होती.

पाच दिवसांनी, २६ जुलैस, रविवार होता. ब्रायन यांनी डेटनच्या मंदिरात सकाळच्या उपासनेत प्रार्थना केली. घरी येऊन जेवले, आडवे झाले, आणि झोपेतच प्रभूकडे गेले. कर्नल म्हणून आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. तरवारींचे नांगर करणारा माणूस सैनिकांच्या रांगांत निजला आहे. त्यांची कन्या रूथ १९२८ मध्ये काँग्रेसवर निवडून आली व १९३३ मध्ये डेन्मार्कला अमेरिकेची वकील म्हणून गेली.

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी फारच थोड्यांना मंत्रिपद मिळणार आहे. पण मंडळीच्या कमिटीत, शाळेत, ऑफिसात प्रत्येकापुढे कधी ना कधी असा कागद येतो, ज्यावर सही करावयास मन घेत नाही. तेव्हा मनात दोन विचार येतात: आता सही करू, नंतर सुधारू, किंवा हा विषय आपला नाही, गप्प राहू. ब्रायन यांच्या आयुष्यात दोन्हींचे फळ पाहावयास मिळते. आणि ८ जून १९१५ या दिवशी त्यांनी धरलेली तिसरी वाटही पाहावयास मिळते. संडे स्कूलच्या मुलांना त्यांची गोष्ट सांगताना सोन्याच्या क्रूसाचे भाषण जरूर सांगावे, नांगराची भेट सांगावी, पण १९२४ चा ठरावही सांगावा. एका ठिकाणी जागा असलेला विवेक दुसऱ्या ठिकाणी झोपू शकतो, हे मुलांना लवकर कळलेले बरे. आपल्यालाही.